बायसंगूरला घोड्यावर कोण बांधत होतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत बेनोयच्या बायसंगूरवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात कॉकेशसच्या डोंगरांत रशियन साम्राज्याशी लढलेल्या चेचेन नायबावर, पानभर लेख आला. हे नाव मराठी वर्तमानपत्रात वाचायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं, त्यामुळे आधी आनंद झाला. मग लेख वाचला आणि लेखणी शोधायला उठले.

मी चौतीस वर्षं रशियनची भाषांतरं केली. बहुतेक सगळी पंपांची, टर्बाइनची आणि करारमदारांची. या धंद्यात एक खोड लागते. वाक्य फार सुंदर दिसलं की त्याच्या खाली काय दडवलंय ते बघावंसं वाटतं. निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही, म्हणून हे पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर सुरुवातीचं कापा, शेवटचं ठेवा.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. बायसंगूर ज्याच्या बाजूने लढला तो शमील चेचेन नव्हता. तो चेचन्याशेजारच्या दागेस्तानातल्या गिम्री गावचा, अवार लोकांपैकी. १८३४ मध्ये तो इमाम, म्हणजे तिथला धार्मिक आणि राजकीय पुढारी, झाला. १८३९ मध्ये त्याच्या अखुल्गो या गडाला रशियनांचा वेढा पडला, थोरल्या मुलाला रशियनांकडे ओलीस द्यावं लागलं, आणि मूठभर माणसांनिशी तो निसटून चेचन्यात आला. १८४० मध्ये चेचेनांनीही त्याला आपला इमाम मानलं. म्हणजे बायसंगूर आणि शमील यांचं नातं 'चेचेन राजा आणि त्याचा सरदार' असं नव्हतंच. ती दोन शेजारी लोकांची युती होती आणि त्यांच्या भाषाही वेगळ्या होत्या. शमील जिथे शेवटी शरण आला ते गुनिब लेखासोबतच्या नकाशात चेचन्यात दाखवलंय, ते दागेस्तानात आहे. शमीलच्या शरणागतीची तारीख मजकुरात २५ ऑगस्ट १८५९ आणि चौकटीत ६ सप्टेंबर अशी आहे. दोन्ही बरोबर आहेत. रशियात जुनं कॅलेंडर चालायचं आणि त्या शतकात ते बारा दिवस मागे होतं. पण खुलासा न करता एकाच पानावर दोन्ही छापल्यामुळे बिचारा शमील दोनदा शरण आल्यासारखा दिसतो.

आणि 'नायब'चं तुम्ही 'जनरल' केलंत. कशाला? नायब हा शब्द आपल्याकडे तहसील कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शमीलच्या राज्यातला नायब म्हणजे एका मुलखाचा कारभारी. लढाईत तो पुढे असे, हे खरं. पण कर जमवणं, इमामाचे हुकूम गावोगाव पोचवणं आणि स्वार सज्ज ठेवणं हेही त्याचंच काम. दर दहा घरांमागे एक स्वार असायचा, आणि त्याचं पोट व घोडा बाकीची घरं सांभाळायची. हा दहा घरांचा हिशेब कृपया लक्षात ठेवा. माझी सगळी तक्रार त्याच्याशीच येऊन थांबते.

आता मूळ मुद्दा. तुमच्या लेखाचा सगळा डोलारा एका प्रसंगावर उभा आहे. गुनिबच्या पठारावर शमील शस्त्रं ठेवायला निघालाय. मागून बायसंगूर त्याला हाक मारतो. शमील वळून बघत नाही, कारण त्याला पक्कं माहीत आहे की चेचेन माणूस कुणाच्या पाठीत गोळी घालत नाही. वळला असता तर मेला असता. लेखकाने यावर दोन परिच्छेद खर्च केलेत आणि शेवटी शमीलला भेकड ठरवून मोकळे झालेत.

ही गोष्ट मी पहिल्यांदा १९८२ साली मॉस्कोतल्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात ऐकली. मी रशियन शिकायला गेले होते. आमच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक चेचेन विद्यार्थी होता. जन्म कझाकस्तानातला. त्याच्या पिढीतले बरेच चेचेन तिथे जन्मले, कारण २३ फेब्रुवारी १९४४ रोजी स्तालिनने सगळ्या चेचेन आणि इंगुश लोकांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. जवळजवळ पाच लाख माणसं. परतायची मुभा १९५७ मध्ये मिळाली. हा मुलगा घरचा विषय सहसा काढत नसे. त्या संध्याकाळी मात्र काढला, कारण सुट्टीत ग्रोझ्नीला गेलेला असताना तो तिथला उत्सव बघून आला होता. चेचेन-इंगुश प्रजासत्ताकात त्या वर्षी 'रशियात स्वेच्छेने सामील झाल्याची' दोनशे वर्षं साजरी होत होती. 'स्वेच्छेने' हा शब्द तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा अगदी सावकाश. मग चमचा खाली ठेवला आणि बायसंगूर सांगायला घेतला.

सांगण्याची त्याची एक पद्धत होती. डावा हात त्याने पाठीमागे नेला आणि तो पुढे आणलाच नाही. एक डोळा मिटला. एका पायावर ओट्याला टेकून उभा राहिला. एक डोळा, एक हात आणि एक पाय वेगवेगळ्या लढायांत गेलेला नायब. त्याला घोड्यावर बसवायचे आणि पट्ट्यांनी बांधायचे की पुढे तो लढायला मोकळा. मग गुनिब, मग ती हाक. हाक मारताना तो खरंच ओरडला आणि शेजारच्या खोलीतली व्हिएतनामी मुलगी दार उघडून बघायला आली. मी भारावून ऐकत होते. परत आल्यावर पुढची कित्येक वर्षं मी ती गोष्ट तशीच सांगितली, म्हणजे तुमच्या लेखकाने जो गुन्हा केला तो मीही केलेला आहे.

पण ऐकताऐकता त्या दिवशी मी एक बावळट प्रश्न विचारला होता: "त्याला बांधायचं कोण?"

तो गप्प झाला. म्हणाला, हे कधी कुणी विचारलं नाही, आजीला विचारून सांगतो.

हा प्रश्न इथेच ठेवते आणि आधी जंगलाकडे वळते, कारण तुमच्या लेखात जंगल नाही. जंगल वगळून चेचन्याची लढाई सांगायची म्हणजे पाणी वगळून आरमाराची गोष्ट सांगण्यासारखं आहे.

बेनोय ज्या मुलखात आहे त्याला इच्केरिया म्हणतात. डोंगरउताराचा प्रदेश, आणि त्या काळी बीच वृक्षांचं किर्र रान. रशियन जनरल ग्राबे मे १८४२ च्या अखेरीस दहा हजारांवर सैन्य घेऊन या रानातून दार्गोकडे, शमीलच्या तेव्हाच्या राजधानीकडे, निघाला. शमील तेव्हा तिथे नव्हताच, तो दागेस्तानात दुसऱ्या मोहिमेवर होता. रान राखलं ते शुआइब मुल्ला, बायसंगूर वगैरे चेचेन नायबांनी. पाऊस, चिखल, वाटेवर आडवे पाडलेले ओंडके आणि झाडाझाडाआडून गोळी. ग्राबे दार्गोला पोचलाच नाही. मेलेले आणि जखमी मिळून सतराशेच्या वर माणसं गमावून तो परतला. तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, खुद्द कॉकेशसचा रशियन व्हाइसरॉय काउंट व्होरोन्त्सोव त्याच दार्गोवर चालून आला. तो दार्गोला पोचला, पण शमीलने गाव आधीच स्वतः पेटवून दिलं होतं. सैन्यापाशी खायला काही उरलं नाही. रसद आणायला एक तुकडी मागे पाठवली, तीही जंगलात कापली गेली. रशियन सैनिकांनी त्या फेरीचं नाव ठेवलं 'सुखारी मोहीम'. सुखारी म्हणजे वाळवलेल्या पावाचे तुकडे. तीन जनरल आणि हजारो माणसं त्या स्वारीत पडली. जनरल फ्रायटागची कुमक वेळेवर आली नसती तर व्होरोन्त्सोवही वाचला नसता. झारने या पराक्रमाबद्दल त्याला प्रिन्स केलं. सरकारी बक्षिसांचा हिशेब मला कोणत्याच देशातला कधी कळला नाही.

पण व्होरोन्त्सोव मूर्ख नव्हता. पुढे त्याने बंदुकीपेक्षा कुऱ्हाडीवर भिस्त ठेवली. दर हिवाळ्यात पाने झडली, आडोसा उघडा पडला की हजारो सैनिक रानात शिरायचे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना बंदुकीच्या टप्प्यापलीकडे झाडं पाडत जायचे. याला रशियनमध्ये 'प्रोसेका' म्हणतात. रानात पाडलेला भांग म्हणा हवं तर. काही बुंधे कुऱ्हाडीला दाद देत नसत, तिथे दारू ठासून उडवायचे. तरुण तोल्स्तोय तोफखान्यात होता तेव्हा अशाच मोहिमांवर गेला होता. शमीललाही धोका कळला होता. परवानगीशिवाय झाड तोडणाऱ्याला त्याने गुरांचा दंड ठेवला होता. पण गावकरी किती झाडं राखणार? दर हिवाळ्यात भांग रुंदावत गेला, त्यातून तोफा आत आल्या, आणि तोफेच्या टप्प्यात आलेल्या गावांना दोनच पर्याय राहिले. उठून डोंगरात आणखी वर जायचं, नाहीतर खाली उतरून रशियन छावणीच्या नजरेखाली राहायचं.

इथे मला भाषांतरकार म्हणून एक शब्द दाखवायचा आहे. त्या काळच्या रशियन कागदांत गावांचे दोन प्रकार असतात, 'मिर्नी' आणि 'नेमिर्नी'. मिर म्हणजे शांतता, तेव्हा मिर्नी म्हणजे शांत गाव. शब्दकोशाच्या दृष्टीने बिनचूक. पण कागद पुढे वाचत गेलं की उमगतं, जे गाव जाळून झालंय आणि ज्याची उरलेली माणसं मैदानात आणून वसवलीत तेही आता मिर्नीच. आणि स्वतःच्या डोंगरात स्वतःचा मका पेरत बसलेलं गाव मात्र नेमिर्नी. तुमच्या लेखात 'चेचन्या शांत झाल्यावर' अशी शब्दयोजना आहे. ती लेखकाची नाही हे मी पैजेवर सांगते. दीडशे वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीत ती जन्मली आणि भाषांतरामागून भाषांतरं होत मराठीत उतरली.

१८५६ मध्ये प्रिन्स बार्यातिन्स्की कॉकेशसचा व्हाइसरॉय झाला. तोवर क्रिमियाचं युद्ध संपलं होतं आणि रशियाचं मोठं सैन्य मोकळं झालं होतं. जनरल येव्दोकिमोवने आर्गुनची खिंड घेतली, १८५९ च्या एप्रिलमध्ये शमीलची राजधानी वेदेनो पडली. शमील दागेस्तानकडे हटत गेला तसे एकेक नायब आणि एकेक प्रदेश गळत गेला. वाटेत त्याचा खजिना आणि सामानाचा तांडा लुटला गेला, तोही ज्यांच्यावर त्याने वर्षानुवर्षं राज्य केलं त्यांच्याकडूनच. गुनिबच्या पठारावर शेवटी त्याच्यापाशी चारशेच्या आसपास लढवय्ये होते. सोबत बायका, मुलं, सुना होत्या. खाली हजारोंचा वेढा. त्या पहाटे रशियन सैनिक दोर आणि शिड्या लावून सरळसोट कड्यांवरून वर आले होते.

तर अशा माणसाला भेकड म्हणायचं? पंचवीस वर्षं लढलेला, साठीच्या घरातला, अंगावर जखमांचे किती व्रण असलेला माणूस. त्याने बायकापोरांकडे पाहिलं आणि तो खाली उतरला. मला त्याचा निर्णय पटो वा न पटो, त्याला भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या शरणागतीचं एक प्रसिद्ध रशियन तैलचित्र आहे. बर्चची झाडं, मध्ये एका धोंड्यावर बसलेला बार्यातिन्स्की, भोवती अधिकाऱ्यांची गर्दी, आणि समोर उभा शमील. त्या चित्रात बायसंगूर कुठेच नाही. साम्राज्याला लढाईचा शेवट हवा होता आणि तो त्या धोंड्यापाशी झाला, असं त्यांनी ठरवून टाकलं. तुमच्या लेखानेही तेच ठरवलं, फक्त नायक बदलला. लेखात गुनिबनंतरच्या बायसंगूरला किती ओळी मिळाल्या? मी मोजल्या. साडेचार. त्यातल्या अडीच फाशीच्या.

माझ्या मते बायसंगूरचं खरं आयुष्य त्या साडेचार ओळींत आहे.

तो आपल्या साथीदारांसह गुनिबचा वेढा फोडून बाहेर पडला आणि बेनोयला पोचला. नकाशावर हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत भरेल. पण मध्ये कोइसू नदीची दरी आहे, अंदीची डोंगररांग आहे, आणि वाटेतली गावं एकापाठोपाठ एक शरण गेलेली. आता तो डोळा, हात आणि पाय आठवा. पायउतार व्हायचं तर कुणीतरी पट्टे सोडायला हवं. झऱ्यावर पाणी प्यायचं तर कुणीतरी आधार द्यायला हवा. रात्री जखमेच्या जुन्या जागा ठणकल्या तर कुणीतरी उठायला हवं. असा माणूस एकटा वीर असूच शकत नाही. तुमच्या लेखाचं शीर्षकच 'एकाकी' या शब्दाने सुरू होतं. शरीराकडे नीट पाहिलं असतं तर हा शब्द सुचलाच नसता.

सुट्टीनंतर तो मुलगा ग्रोझ्नीहून परतला तेव्हा जिन्यातच भेटला. 'आजीने उत्तर दिलंय' म्हणाला. त्याची आजी कझाकस्तानातल्या थंडीत मुलांना एका पांघरुणाखाली घेऊन हीच गोष्ट सांगायची. तिला त्याने माझा प्रश्न विचारला तर तिला तो मुळीच बावळट वाटला नाही. ती म्हणाली, ज्याचे दोन्ही हात शाबूत असतील तो बांधायचा. पट्टा बायका विणायच्या. आणि घोडा दर वेळी वेगळ्या घरचा असायचा.

हा काही पुरावा नव्हे, एका म्हातारीचं सांगणं आहे. पण मला त्यात तो दहा घरांमागे एक स्वार ऐकू आला.

आता १८६०. युद्ध संपल्याचं जाहीर होऊन वर्षही झालं नव्हतं. डोंगरातल्या गावांना खाली मैदानात आणून बसवायचं धोरण चालूच होतं, चांगल्या जमिनी कझाकांच्या वसाहतींकडे जात होत्या. (हे कझाक म्हणजे रशियन सीमेवरचे लढवय्ये 'कोसाक', कझाकस्तानचे लोक नव्हेत. तुमच्या लेखात इथेही घोळ आहे.) त्या मे महिन्यात बेनोय उठलं. बायसंगूर आणि सोल्तामुराद हे बेनोयचे दोघे इच्केरियात, तर उमा दुयेव आणि अताबी अतायेव आर्गुनच्या खोऱ्यात. आता पाठीशी इमाम नव्हता, राज्य नव्हतं, तोफा नव्हत्या. ज्यांनी चाळीस वर्षांत किमान दोन-तीनदा आपली घरं जळताना पाहिली होती अशा माणसांनी पुन्हा उठायचं ठरवलं.

रशियन सैन्याने गावं वेढली, जाळली, माणसं हलवली. पुन्हा तोच हिशेब. जंगलातल्या चार बंडखोरांना पकडणं अवघड, पण त्यांना भाकरी पोचवणारी घरं एका जागी असतात. घर हलवलं की भाकरी थांबते. १८६१ च्या सुरुवातीला बायसंगूर सापडला. दागेस्तानातल्या खासाव्युर्तला लष्करी न्यायालय बसलं आणि तिथेच त्याला फाशी झाली. सोल्तामुराद हाती लागला नाही, १८७७ च्या उठावात तो पुन्हा दिसतो. त्याच उठावात उमा दुयेवही होता. वय झालेलं असताना तो पुन्हा उठला आणि १८७८ मध्ये ग्रोझ्नीला फाशी गेला. शमीलला मात्र कलुगा शहरात घर, पेन्शन आणि मानमरातब मिळाला, पुढे हजला जायची परवानगी मिळाली, आणि १८७१ मध्ये मदिनेत त्याला मरण आलं. ही तफावत साम्राज्याने विचार करून ठेवली होती. हरलेल्या राजाला सांभाळलं तर शोभा वाढते. ज्याने हरल्याचं मान्यच केलं नाही त्याला सांभाळून काय मिळणार?

फाशीचीही एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या लेखात आहे. अधिकाऱ्यांनी गर्दीतूनच कुणीतरी पैसे घेऊन फास ओढावा असं पुकारलं, एक जण पुढे आला, आणि आपल्याच मुलखातल्या माणसाच्या हातून मरण यायला नको म्हणून बायसंगूरने स्वतःच स्टुलावरून उडी टाकली, असं सांगतात. तुमच्या लेखकाने 'सांगतात' गाळून टाकलं. मी ते परत मागते आहे. गोष्ट खोटी ठरवायची म्हणून नव्हे. चेचेनांची त्या काळी स्वतःची लिपीबद्ध भाषा नव्हती. शमीलचा पत्रव्यवहार अरबीत चाले, शत्रूचे कागद रशियनमध्ये, आणि बायसंगूरने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ आपल्यापाशी नाही. त्याला जपलं ते सांगणाऱ्यांनी. तीन तारांचं पोंदूर वाजवत 'इल्ली', म्हणजे वीरगाथा, गाणाऱ्यांनी आणि पांघरुणाखाली गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनी. 'सांगतात' काढलंत की ही सगळी माणसं चित्रातून पुसली जातात आणि पुन्हा तो एकटा उरतो.

तुमच्या चौकटीत 'आज कुणाला त्याचं नाव आठवतं?' असा प्रश्न आहे. उत्तर देते. ग्रोझ्नीचा पूर्वीचा ओक्त्याब्रस्की जिल्हा २०२० पासून बायसंगूरच्या नावाने ओळखला जातो. ते नाव दिलं मॉस्कोशी पूर्ण एकनिष्ठ असलेल्या सध्याच्या चेचेन सरकारने, तेव्हा आठवण ठेवण्याचेही प्रकार असतात हे लक्षात असू द्या. १८१८ मध्ये रशियन जनरल येर्मोलोवने चेचेनांना धाकात ठेवायला जो किल्ला बांधला त्याचं नाव 'ग्रोझ्नाया', म्हणजे भयंकर. तेच पुढे शहराचं नाव झालं आणि आजही तेच आहे. म्हणजे पत्ता लिहायचा तर येर्मोलोवचं शहर, बायसंगूरचा जिल्हा. पोस्टमनला काही फरक पडत नसावा.

खासाव्युर्तचं नाव मी पुन्हा ऐकलं ते १९९६ च्या ऑगस्टच्या शेवटी, रेडिओवर. पहिलं चेचेन युद्ध थांबवणारा करार तिथे झाला. रशियाकडून जनरल लेबेद आणि चेचेनांकडून मस्खादोव यांनी सह्या केल्या. मी तेव्हा कुठल्याशा बॉयलरच्या देखभाल-पुस्तिकेत डोकं घालून बसले होते. गावाचं नाव कानावर पडलं आणि मी वाक्य अर्धवट सोडून उठले. बातमी देणाऱ्याने त्या गावात १८६१ मध्ये काय झालं होतं ते सांगितलं नाही, तेवढा वेळ बातम्यांना नसतो. त्या मुलाचं काय झालं असेल, असा विचार मनात आला. त्याची शेवटची चिठ्ठी मला १९९४ च्या उन्हाळ्यात आली होती. त्याच डिसेंबरात रणगाडे ग्रोझ्नीत शिरले.

एक विनंती. शुद्धिपत्र छापणार असाल तर तारखा आणि शमीलचं गाव यांच्याबरोबर नकाशाही दुरुस्त करून छापा. चार ठिपके पुरेत: गुनिब, वेदेनो, बेनोय, खासाव्युर्त. वसतिगृहाच्या बोळात सोव्हिएत संघाचा भिंतभर नकाशा होता. गुनिबची गोष्ट सांगून झाल्यावर त्या चेचेन मुलाने मला तिथे नेलं आणि कॉकेशसवर आपला तळहात ठेवला. चारही जागा त्याच्या हाताखाली गेल्या. मग त्याने हात उचलला आणि बेनोय त्या नकाशात छापलेलंच नाही हे दाखवलं. जिथे असायला हवं तिथे कागदावर नखाची एक बारीक खूण होती. बोटांनी चाचपून पाहिली तर ती एकच नव्हती. एकावर एक अशा पुष्कळ होत्या, आणि त्या जागी कागद खरवडला गेला होता.

आपली,
एक निवृत्त रशियन भाषांतरकार